गुलाबी कागदातली डिस्क

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली, असं म्हणणंही पुरतं खरं नाही. मी ती पुष्कळदा सांगितली आहे. हुपरीला पंगतीत सांगितली, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या सोबत्यांना सांगितली, एकदा तर दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारी बसलेल्या अनोळखी पावण्यालाही सांगितली. पण जी सांगितली ती खोटी. माझ्या त्या गोष्टीत हार्ड डिस्क माझ्या हातात यायच्या आधीच मेलेली असायची, आणि मी तिला वाचवायला धडपडणारा हुशार माणूस असायचो. खरी गोष्ट लपवायची तर गप्प बसून भागत नाही. गप्प माणसाला लोक विचारतात. खोटी सांगितली की कोणी विचारत नाही.

आता हात कापतात. माउसचा बाण हव्या त्या जागी थांबत नाही. हात पुरतेच जायच्या आत खरी गोष्ट टाइप करून ठेवतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, हुपरीला दिलेली. हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. अक्काच्या घरीही पुढच्या सोप्यातच कारखाना होता. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, पैंजण घडवायचे. घरातल्या बायका कड्या जोडायच्या, घुंगरू लावायच्या. त्यांचा एकुलता मुलगा, माझा भाचा, तयार माल घेऊन गावोगाव फिरायचा. त्यामुळं दाजींच्या शेजारी बसून ते काम खऱ्या अर्थानं कोणी शिकलं असेल तर ते त्यांच्या सुनेनं. बारीक वीण दाजी एकदाच करून दाखवायचे, दुसऱ्यांदा विचारलं की चिडायचे. म्हणून ती फोन डब्याला टेकवून त्यांच्या हातांचे व्हिडिओ काढायची. दाजींना काम करताना बोलायची सवय. चांदीचा भाव, शेजाऱ्याचा बोकड, अक्काच्या माहेरचा, म्हणजे आमचा उद्धार, सगळं त्या व्हिडिओंत होतं.

फोन भरला तेव्हा भाच्यानं एक हार्ड डिस्क आणली आणि सगळे व्हिडिओ तिच्यात हलवले. फोन रिकामा झाला म्हणून घरात सगळे खूश. दुसरीकडं एक प्रत असावी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं. कुठली डिस्क घ्यायची हे भाच्यानं मलाच फोन करून विचारलं होतं.

मलाच, कारण आमच्या गोतावळ्यात हे खातं माझ्याकडं होतं. मी सरकारी ऑफिसात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला सगळे भीत होते, मी भ्यालो नाही. एवढ्या भांडवलावर मी पुढची सगळी वर्षं काढली. कोणाचा टीव्ही लागत नसला, कोणाचा फोन बंद पडला, की मला बोलावणं. अक्का सगळ्यांना सांगायची, "माझ्या भावाला इच्यारा. बिघडल्यालं सगळं कळतंय त्येला. नीट चालल्यालं तेवढं कळत न्हाय." लोक हसायचे, मीही हसायचो. मला ते आवडायचं.

दाजी गेले. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे हुपरीला जमलो. जेवणं व्हायला वेळ होता म्हणून भाच्यानं ती डिस्क टीव्हीला जोडली. टीव्हीवर दाजी आले. पाटावर बसलेले, चष्मा नाकावर घसरलेला, तोंडानं कोणाला तरी नावं ठेवणं चाललेलं. अक्का अगदी टीव्हीसमोर जाऊन बसली. दाजी म्हणाले, "आमच्या घरात चा मागाय लागतोय, आपसूक येत न्हाय." अक्का टीव्हीला म्हणाली, "व्हय व्हय. जलमभर उपाशीच ठेवलंय की तुमास्नी." वर्षभरात तिला मी पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

बाहेर पत्र्यावर पान ठेवलं होतं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, हे सगळीकडचंच. कावळे शेजारच्या भिंतीवर बसले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. मी मधुमेहाची जेवणाआधीची गोळी घेऊन बसलेला. अंगणात बसलेला गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, "घरात त्यांचाच आवाज चाललाय. जीव हितंच घुटमळत असणार. कावळा शिवंल कसा?"

चारचौघांनी माना डोलावल्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मला भूक लागली होती, आणि माहेरच्या बाजूचा वडीलधारा म्हणून काहीतरी बोलायचा अधिकारही होता. मी अंगणातूनच आत ओरडलो, "बंद कर गं ते. वढून टाक वायर."

भाचसून स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. दाजी टीव्हीवर बोलतच होते. अक्का म्हणाली, "आगं, थांब जरा." तोवर तिनं वायर ओढली होती.

थोड्या वेळानं कावळा आला, घास उचलून गेला. पंगती बसल्या. संध्याकाळी अक्कानं पुन्हा लावायला सांगितलं, तर टीव्हीनं डिस्क घेतली नाही. भाच्यानं खाली-वर करून पाहिलं. घरच्या कॉम्प्युटरलाही ती दिसेना. मी तोवर दुपारच्या गाडीनं कोल्हापूरला परतलो होतो.

त्या गडबडीत 'ओढ' म्हणून कोण ओरडलं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ओढणारा हात मात्र सगळ्यांनी बघितला होता.

पुढच्याच आठवड्यात भाचसून एसटीनं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आली. मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात ती डिस्क, चांदीचा माल ज्या गुलाबी पातळ कागदात बांधतात त्या कागदात गुंडाळलेली, वर कापूस. हुपरीत किमती वस्तू अशीच बांधतात. दुसऱ्या पिशवीत माझ्या बायकोसाठी घरचं तूप होतं. तिनं पाणीसुद्धा नंतर घेतलं, आधी डबा माझ्यासमोर ठेवला.

"मामा, माझ्या हातनं झालंय. म्या वढली वायर," ती म्हणाली. "आत्या बोलंना झाल्यात माझ्याशी. त्येवढं आण्णांचं काय असंल ते काढून द्या."

अक्काला ती आत्या म्हणायची, दाजींना आण्णा. मी सांगितलं म्हणून ओढली, असं ती म्हणाली नाही. विसरली होती की माझा मान राखत होती, मला आजही कळलेलं नाही. त्या क्षणी मी स्वतःहून म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू या की. हुतंय. एवढं काय तोंड बारीक करायचं त्यात."

ती जरा हसली. निघताना माझ्या बायकोला म्हणाली, "मामांनी हातात घेतली न्हवं, आता काळजी न्हाय."

ती गेली आणि मी कामाला बसलो. आधी वायर बदलली. मग पुढच्या पोर्टला करंट कमी पडतो म्हणून मागच्या पोर्टला लावून पाहिली. दिवा लागला. डिस्क कानाला लावली, आत चाक मऊ फिरत होतं, कसलाही खडखडाट नव्हता. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. डिस्क नेहमीच्या जागी दिसेना, पण जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी जिथं असते तिथं ती सापडली. तिला नाव नव्हतं, अक्षर नव्हतं, फक्त तिचा आकार दिसत होता. म्हणजे ती जिवंत होती. वायर मध्येच ओढल्यानं आतली अनुक्रमणिका बिघडली होती, पानं जागेवर होती. कोणाही जाणत्यानं हे ऐकलं तर तो सांगेल की इथं थांबायचं असतं. मलाही ते ठाऊक होतं. ऑफिसात मी दुसऱ्यांना हेच सांगायचो.

दुरुस्तीची एक कमांड चालवली, तिनं नकार दिला. आणि दर वेळी डिस्क लावली की पडद्यावर तीच चौकट यायची: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मी 'नको' दाबायचो. पुन्हा लावायचो, पुन्हा तीच चौकट.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. "झालं का रं?"

"हुतंय. दिसाय लागलीया."

"त्यांचं दिसतंय का?"

"दिसंल की. सांजच्याला सांगतो."

"मी गल्लीत सगळ्यास्नी सांगितलंय," अक्का म्हणाली. "माझा भाऊ काढतोय म्हणून. ती बया म्हणत्या, मामा करतील. तिला सुनावलं, करंल की. तुझ्यासारखा हात न्हाय त्येचा."

फोन ठेवला. ती चौकट समोर होतीच. मला माहीत होतं की फॉरमॅट केलं की सगळं लगेच पुसलं जात नाही, वरची यादी तेवढी जाते, खालचं नंतर काढता येतं. ही अर्धी माहिती होती, आणि अर्ध्या माहितीवर सायंकाळपर्यंत काम उरकायचं होतं. राजारामपुरीत कॉम्प्युटरची दुकानं आहेत. एखाद्या दुकानात जाऊन मला हे जमत नाही, तुम्ही बघा, असं म्हणता आलं असतं. अक्काला 'नाही जमलं' म्हणता आलं असतं. मी 'हो' दाबलं.

डिस्क उघडली. नवीकोरी, रिकामी.

मी घाबरलो असं आता वाटतं, पण त्या वेळी घाबरलो नव्हतो. उलट, निम्मं काम झालं असंच वाटत होतं. गेलेल्या फाइली परत काढणारं एक सॉफ्टवेअर उतरवलं. ते चाललं, आणि खरंच फाइली दिसायला लागल्या, नावाच्या जागी नुसते आकडे. मग त्यानं विचारलं, परत काढलेलं कुठं ठेवू? माझ्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती. बायकोची भजनं, जुनी नाटकं, माझ्या नोकरीतले नकाशे, सगळं मी जपून ठेवलेलं. त्यातलं एखादं काढून टाकावं असं मनात आलं नाही. समोर एक मोठी रिकामी डिस्क होती. मी तिचंच नाव दिलं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरात बुडालेल्या घरातून सामान काढायचं आणि काढलेलं पुन्हा त्याच घरात, आत राहिलेल्या सामानावर फेकायचं, असं ते झालं. एक फाइल वर आली की ती खालच्या दोन फाइली चिरडत होती. मी चहा पीत बसलो होतो आणि पडद्यावरची पट्टी पुढं सरकताना बघून समाधान मानत होतो.

पट्टी संपली. फाइली उघडून बघितल्या. एकही चालेना. काहींत काळा पडदा, काहींत हिरव्या रेघा. मी एकेक करून उघडत गेलो. शेवटी एक चालली. चालली म्हणजे तुकडा चालला. चित्र वरच्या निम्म्यात दाजींचं, खालच्या निम्म्यात चिंध्या. दाजी मान वर करून फोनकडं बघतात आणि म्हणतात, "सूनबाई, ठिव त्ये खाली. आदी चा पी, गार व्हायला लागलाय." आणि मागून तिचं हसू ऐकू येतं. बस. तिथं चित्र थिजतं.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. एवढा जरी हुपरीला नेला असता तरी पुष्कळ होतं. अक्कानं तो रोज बघितला असता. पण हा तुकडा दिला म्हणजे डिस्क चालत होती हे उघड झालं असतं. चालत होती तर बाकीचं कुठं गेलं, हे भाच्यानं विचारलं असतं. म्हणून मी तो माझ्या नकाशांच्या फोल्डरमध्ये ठेवून दिला. त्यासाठी मात्र जागा निघाली.

अक्काला फोन केला. म्हणालो, "अक्का, आतनं मोडल्या ती. काय निघत न्हाय."

तिनं फोन भाच्याकडं दिला. नंतर भाच्याचा आवाज आला. "मामा, पुण्यात एक जण असलं काढून देतो म्हणं. मी घेऊन जातो की."

पुण्यातल्या त्या माणसाला क्षणात कळलं असतं की ही डिस्क कोणीतरी फॉरमॅट करून वर भरली आहे, आणि कुठल्या दिवशी, तेही. मी म्हणालो, "कशाला हेलपाटा? मी राजारामपुरीत दाखवून आलोय. आतलं चाक गेलंय."

दाखवून आलो नव्हतो. आणि चाकही गेलेलं नव्हतं. पण भाचा दुसऱ्या दिवशी डिस्क न्यायला येणार होता.

यापुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायको भजनी मंडळात गेली होती. मी ती डिस्क वायरीला जोडून न्हाणीघराच्या दारापर्यंत नेली, लॅपटॉप नव्हता म्हणून फोनचा चार्जर लावून ती फिरती ठेवली, आणि फिरत असताना शहाबादी फरशीवर सोडली. एकदा सोडल्यावर काही झालं नाही. पुन्हा उचलून सोडली. मग ती टिकटिक करायला लागली. घड्याळासारखी नाही. दारावर कोणी बोटानं वाजवावं आणि आत घेत नाही म्हणून पुन्हा वाजवावं, तशी. ती पुसली, त्याच गुलाबी कागदात गुंडाळली, वर कापूस ठेवला, डबा बंद केला.

भाचा आला तेव्हा मी ती त्याच्या कानाला लावली. "ऐक."

त्यानं ऐकलं. "व्हय की ओ," तो म्हणाला. "पार गेलीया." आणि म्हणाला, "ती रोज डब्याला हात जोडत हुती, तुमच्याकडं आणायच्या आदी."

मी त्याला चहा घ्यायला लावला.

त्यानंतर हुपरीच्या घरात एक वाक्य पक्कं झालं. अक्का ते कोणासमोरही म्हणायची. नवीन सोयरीक बघायला आलेल्या लोकांसमोर, दूध घालणाऱ्यासमोर, "आमच्या हिनं माझ्या मालकाचा आवाज वढून टाकला." अक्का मनानं वाईट नव्हती. दाजी गेल्याचा राग कुठंतरी ठेवायला जागा लागते, आणि मी तिला जागा करून दिली होती. भाचसून तशीच कड्या जोडत राहायची. एकदा माझ्यासमोरच अक्का म्हणाली, "माझ्या भावानं लई खटपट केली. पर हिनं मारूनच पाठवली हुती ती. मेल्याला कोण जित्तं करणार?" मी ताटात आमटी कालवत होतो. मान वर केली नाही.

भाचसुनेनं व्हिडिओ काढणं सोडलं. टीव्हीला हात लावणं सोडलं. चॅनेल बदलायचं असलं तर कोणाला तरी हाक मारायची. फोनचा चार्जर काढतानासुद्धा आधी भिंतीवरचं बटण बंद करायची, जरा थांबायची, मग दोन्ही हातांनी पिन हळूच काढायची. एकदा मी चेष्टेत म्हणालो, "आगं, साधा चार्जर हाय. वढ की."

"नको मामा," ती म्हणाली. "माझ्या हाताला गुण न्हाय."

त्याच हातांनी ती पैंजण विणायची. दाजींची ती बारीक वीण तिला नीट साधली नाही. एका वळणावर अडायची, कड्या उलगडून पुन्हा सुरुवात करायची. ते वळण कसं घ्यायचं ते कुठं होतं हे मला माहीत होतं. माझ्या न्हाणीघराच्या फरशीवर.

मग काही वर्षांनी अक्का आजारी पडली. तिचं वय झालं होतं, औषधाचा उपयोग राहिला नव्हता. मी तो तुकडा कॉम्प्युटरवरून फोनमध्ये घेतला आणि हुपरीची एसटी धरली. गाडीत वाक्य जुळवत होतो. आधी तुकडा दाखवायचा, मग सांगायचं. नाही, आधी सांगायचं. अक्का गोधडीत एवढीशी झाली होती. मला बघून म्हणाली, "आलास? ह्या टीव्हीचा आवाज बारीक येतोय बघ."

मी टीव्हीचा आवाज वाढवून दिला. भाचसून तिला चमच्यानं पेज भरवत होती. तोंड पुसत होती. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. मला वाटलं, ती बाहेर जाईल तेव्हा अक्काला एकटीला ऐकवू. ती भांडी ठेवायला गेलीही. मी फोन काढला, हातात धरला. अक्कानं विचारलं, "कुणाचा आलाय फोन?" मी म्हणालो, "कुणाचा न्हाय," आणि परत खिशात ठेवला. एवढा वेळ मिळाला होता मला. अक्का गेली ती दाजींचा आवाज न ऐकता गेली.

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. स्मशानात राख सावडून झाली की गेलेल्याच्या आवडीचं पानावर ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. अक्काच्या पानावर भाकरी होती, कपात चहा होता, मिश्रीची पुडी होती. कावळे झाडावर जमले. एकही उतरेना. भाच्यानं हात जोडून सांगितलं, पोरांचं शिक्षण नीट करतो. कावळा आला नाही. कारखाना बंद पडू देणार नाही, म्हणाला. आला नाही. बायकांत कुजबूज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "एकच गोष्ट लागून राहिल्याली हुती त्यांस्नी."

भाचसून बायकांतून पुढं आली. पानापासून जरा अंतरावर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या, आण्णांचा आवाज माझ्यामुळं गेला. माझी चूक झाली. मला पदरात घ्या."

माझा विश्वास नाही हे मी वर लिहिलं आहे. तरी त्या क्षणी माझ्या खिशातला फोन मला निखाऱ्यासारखा वाटत होता. अक्काचा जीव ज्यात अडकला होता ते माझ्या शर्टात होतं. दोन पावलं पुढं जायचं होतं, एक बटण दाबायचं होतं. सगळे पावणे समोर होते. मी वर झाडाकडं बघत राहिलो.

कावळा उतरला. भाकरीचा तुकडा घेऊन गेला. त्याला भूक लागली असेल, गर्दी जरा मागं सरली असेल. पण तिथल्या सगळ्यांना जे कळायचं ते कळलं. "बघा," एक बाई म्हणाली, "तेवढ्याचसाठी थांबल्या हुत्या." भाचसुनेच्या डोक्यावर तिचा गुन्हा कायमचा शाबित झाला, आणि साक्षीला मी उभा होतो.

घरी आल्यावर ती माझ्याकडं आली. सुतकात पाया पडत नाहीत, म्हणून नुसती समोर उभी राहिली. डोळे सुजलेले. "मामा, तुमासनीबी लई तरास दिला म्या त्या टायमाला. डिस्क घेऊन आलतो, तुमी दिवसभर बसला. कधी एका शब्दानं बोलला न्हाईसा मला. आत्या बोलायच्या, पर तुमी कधी न्हाय."

मी म्हणालो, "असू दे, पोरी. असू दे."

मी तिला क्षमा केली.

दुःखाच्या घरातून निघताना येतो-जातो म्हणायचं नसतं, न बोलता उठायचं असतं. मी तसाच उठलो, पिशवी घेतली, चपला घातल्या. दारात वळलो. ती सोप्यात दाजींच्या जागेशेजारी, तिच्या नेहमीच्या पाटावर बसली होती. समोर काम नव्हतं, हात मांडीत होते. वाक्य तयार होतं, कित्येक वर्षांचं घोटलेलं. पोरी, तू न्हाईस. वायर वढ म्हणून मीच सांगितलं हुतं, पुसली मीच आणि मोडलीबी मीच. मला माफ कर.

"पोरी," मी हाक मारली.

तिनं वर बघितलं. "काय मामा?"

"कोल्हापूरची गाडी किती वाजता हाय गं?"